जांघेतली गाठ झाकू नका

हर्निया म्हटलं की आपल्या गटांमध्ये पहिलं वाक्य येतं, "तो तर पुरुषांचा आजार." पुरुषांना तो जास्त होतो हे खरं. पण बायकांनाही होतो, आणि आपण लाजेपायी दाखवत नाही म्हणून तो आपल्याला महागात पडतो.

आतडी जागेवर राहतात ती पोटाच्या स्नायूंच्या भिंतीमुळे. ही भिंत एखाद्या ठिकाणी कमजोर झाली की आतली चरबी किंवा आतडं तिथून बाहेर येतं. पोत्याची शिवण उसवली की दाणे येतात, तसंच. यालाच अंतर्गळ म्हणतात. खोकताना, हंडा उचलताना, संडासला कुंथताना गाठ फुगते. आडवं पडलं की बरेचदा आत जाते.

गाठ कुठे आहे त्यावरून नाव पडतं. जांघेतला तो इंग्वायनल, सगळ्यात जास्त दिसणारा. बेंबीचा तो अंबिलिकल. बाळंतपणांनी पोट सैल झालेल्या बायकांना होतो, तान्ह्या बाळांनाही होतो. बाळाचा बहुतेक वेळा चार-पाच वर्षांत आपोआप बुजतो. बेंबीवर नाणं बांधून काही होत नाही, उलट कातडी मात्र खराब होते. सिझर, कुटुंब नियोजन किंवा पिशवी काढल्याच्या टाक्यांजवळ फुगवटा आला, तर तो इन्सिजनल. टाके आत बुजले नाहीत तर असं होतं, कधी कधी ऑपरेशननंतर काही वर्षांनीसुद्धा. हायटस हर्निया मात्र बाहेरून दिसतच नाही. त्यात जठराचा भाग छातीकडे सरकतो आणि जळजळ होते.

आता फिमोरल. हा जांघेच्या घडीच्या जरा खाली, मांडीच्या सुरुवातीला येतो आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त आढळतो. गाठ सुपारीएवढी असू शकते. पायाला जखम झाली की येतं तसलं अवधान असेल म्हणून आपण सोडून देतो. पण वाट अरुंद असल्याने यात आतडं लवकर अडकतं. अंग बाहेर येणं हा वेगळा त्रास आहे, तो यात धरू नका.

डॉक्टरांच्या कागदावरचे काही शब्द ओळखून ठेवा. रिड्यूसिबल म्हणजे गाठ आत जाते. इर्रिड्यूसिबल म्हणजे आत जात नाही. ऑब्स्ट्रक्टेड म्हणजे आतड्याची वाट बंद झाली. स्ट्रँग्युलेटेड म्हणजे अडकलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटला. तो भाग काही तासांत सडू लागतो. शेवटचे दोन शब्द दिसले तर "पेरणी झाल्यावर बघू" चालत नाही.

कागद हातात नसेल तरी ओळखता येतं. गाठ कडक झाली, आत जाईना, ठणकायला लागली, रंग लाल-काळसर झाला, उलट्या सुरू झाल्या, पोट फुगलं, वारा सरेना. यातलं काही दिसलं की लगेच १०८ लावा. गाठ चोळू नका, दाबून आत ढकलू नका, खाऊ-पिऊ घालू नका, कारण ऑपरेशन लागू शकतं.

मोठ्या माणसाचा हर्निया गोळीने किंवा लेपाने जात नाही. मेडिकलमधला पट्टा गाठ धरून ठेवतो, भोक बुजवत नाही. ऑपरेशनमध्ये भिंत शिवतात, बरेचदा वर जाळी बसवतात. ते उघडं किंवा दुर्बिणीतून होतं. नंतर काही आठवडे जड उचलायचं नाही, हे घरच्यांना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवा. आपण सांगितलं तर कोण ऐकतं!

तपासणी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात किंवा शहरात घाटीत, सर्जरी विभागात करता येते. बाई डॉक्टर हव्या असतील तर तसं विचारा. आम्ही सोबत येऊ. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन कुठे बसतं, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. जाताना आधार आणि रेशनकार्ड घ्या, आणि पूर्वीच्या ऑपरेशनचे कागद असतील तर तेही.