सातपुड्यात मोह, आफ्रिकेत ज्वारीची बिअर : पिण्याच्या रीती वेगळ्या, भांडण मात्र एकच

होळी जवळ आली की सातपुड्याच्या पायथ्याला पहाटेच माणसं घराबाहेर पडतात. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, तिकडे साक्रीचा पश्चिम पट्टा, सगळीकडे हेच चित्र. मोहाची फुलं रात्रीतून गळतात. ऊन चढायच्या आत ती टोपलीत भरायची, अंगणात वाळवायची. वाळली की मनुकांसारखी दिसतात. कुणी ती भाजून खातं, कुणी गुरांना घालतं, कुणी व्यापाऱ्याला विकतं. आणि काही फुलं मडक्यात भिजत पडतात.

या शेवटच्या मडक्यावरून खान्देशात शंभर वर्षांहून जास्त काळ वाद चालू आहे. सरकारचं म्हणणं वेगळं, पावरा-भिल्ल समाजातल्या जुन्या माणसांचं वेगळं आणि घर चालवणाऱ्या बायांचं आणखी वेगळं. हा वाद फक्त आपल्याकडचा नाही. जगात जिथे जिथे लोक घरी पेय आंबवतात, तिथे तो झालेला आहे.

बिअर आणि मोहाची दारू, फरक काय?

आंबवणं म्हणजे साखरेचा अल्कोहोल होणं. हे काम यीस्ट नावाचा सूक्ष्म जीव करतो. मोहाच्या फुलात साखर आधीच भरपूर असते, म्हणून फुलं पाण्यात भिजवली की काही दिवसांत आपोआप आंबतात. धान्याचं तसं नाही. धान्यात साखर नसते, पिष्ट असतं. म्हणून बिअरसाठी आधी जव भिजवून मोड आणतात, मग वाळवतात. मोड आल्यावर पिष्टाची साखर होते आणि पुढे ती आंबते.

बिअर इथेच थांबते. मोह थांबत नाही. आंबलेलं पाणी चुलीवर चढवून त्याची वाफ थंड करतात आणि थेंब थेंब धार धरतात. आपण बोलताना ‘पहिल्या धारेची’ म्हणतो, तो शब्द भट्टीवरूनच आला. सुरुवातीची धार सगळ्यात कडक असते, पुढे ती सौम्य होत जाते.

आपली भाकरी, त्यांची बिअर

खान्देशात ज्वारी म्हटलं की कळण्याची भाकरी आणि ठेचा. दक्षिण आफ्रिकेत त्याच ज्वारीला मोड आणून, मक्याचं पीठ मिसळून ‘उमकोम्बोथी’ नावाची बिअर करतात. रंगाला गढूळ, चवीला आंबट, अल्कोहोल कमी. ती करण्याचं काम बायांचं. लग्न, पितरांचं कार्य, घरातला मोठा कार्यक्रम त्याशिवाय होत नाही.

झारखंडात भाताची हंडिया असते. त्यात रानातल्या मुळ्या-सालींपासून केलेली ‘रानू’ नावाची गोळी घालतात, तीच विरजणाचं काम करते. पूर्व नेपाळ आणि सिक्कीममध्ये आंबवलेली नाचणी लाकडी किंवा बांबूच्या भांड्यात भरून वर गरम पाणी ओततात आणि नळीने पितात. त्याला तोंगबा म्हणतात. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरात मक्याची चिचा. तिथे पहिला घोट माणूस घेत नाही, आधी थोडी जमिनीवर सांडतात, धरतीमातेला.

हे वाचून सातपुड्यातल्या माणसाला नवल वाटणार नाही. इथेही देवाला, पितरांना आधी धार पाडायची आणि मग द्रोण हातोहात फिरवायचा, ही रीत आहे. इंदल असो, लग्न ठरणं असो की जुनं भांडण मिटवणं असो, मोहाची धार ही साक्ष असते. एकट्याने कोपऱ्यात बसून पिणं या रीतीत बसत नाही.

जर्मनीतही बिअर ही मिळून पिण्याची गोष्ट. बव्हेरियात १५१६ मध्येच नियम झाला की बिअरमध्ये जव, हॉप्स नावाच्या वेलीची फुलं आणि पाणी एवढंच घालायचं. म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट १८१० मध्ये राजघराण्यातल्या लग्नानिमित्त सुरू झाला आणि अजून भरतो. ग्लास भिडवताना समोरच्याच्या डोळ्यात बघायचं, हा तिथला शिष्टाचार.

मग मोह ‘हातभट्टी’ कधी झाला?

इंग्रजांना दारूतून महसूल हवा होता. मुंबई इलाख्यात १८७८ मध्ये अबकारी कायदा झाला. दारू गाळायची ती परवान्याने आणि विकायची ती ठेकेदाराने. पुढे १८९२ मध्ये खास मोहफुलांसाठीच कायदा झाला. घरात गाळलेली दारू गुन्हा ठरली आणि ठेक्यावर विकत घेतलेली दारू सरकारचं उत्पन्न. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. आजही महाराष्ट्रात विनापरवाना दारू गाळली तर याच कायद्याच्या कलम ६५ खाली गुन्हा दाखल होतो, मग ती निव्वळ मोहाची असो की काळा गूळ आणि नवसागर घातलेली.

शेजारी मध्य प्रदेशात चित्र वेगळं आहे. तिथे आदिवासींना घरगुती वापरासाठी ठरावीक मर्यादेत मोहाची दारू करायला सूट आहे. म्हणजे शिरपूर-चोपड्यातला पावरा आणि सेंधव्याकडचा बारेला, एकाच समाजातली, नातेसंबंधातली माणसं. पण डोंगराच्या एका उतारावर जी रीत, ती दुसऱ्या उतारावर गुन्हा. पश्चिमेला गुजरातमध्ये तर पूर्ण दारूबंदी. तीन राज्यांचे तीन कायदे, आणि मधे आपला सीमाभाग.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये मोहफुलं गोळा करणं, साठवणं आणि त्यांची वाहतूक यावरचे निर्बंध सैल केले. पण फूल विकणं आणि दारू गाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवलेलं बरं. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती आज मानाने विकली जाते. मोहाच्या वाट्याला मात्र बराच काळ छापेच आले.

बायांचं म्हणणं

रीत म्हणून सगळंच गोड मानायचं कारण नाही. खान्देशात दारूच्या विरोधात सगळ्यात मोठा आवाज आदिवासी समाजातूनच उठला.

१९३० च्या दशकात तेव्हाच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात, तळोदा तालुक्यात, संत गुलाम महाराजांनी दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना ‘आप’ म्हणा, असं सांगितलं. त्यांच्या आरतीला हजारोंनी भिल्ल समाज जमत असे. दारू सुटली तर सावकाराचं कर्ज सुटेल, जमीन वाचेल, हा त्यातला रोकडा हिशेब होता.

पुढे १९७२-७३ च्या सुमारास शहादा भागात, तेव्हा तो धुळे जिल्ह्यातच होता, जमिनीसाठी आणि मजुरीसाठी श्रमिक संघटनेची चळवळ उभी राहिली. त्यात आदिवासी बाया पुढे आल्या. गावोगाव जाऊन त्यांनी दारूची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. मजुरी वाढवून घ्यायची आणि ती संध्याकाळी गुत्त्यावर जायची, हे त्यांना मान्य नव्हतं.

दक्षिण आफ्रिकेत असंच घडलं होतं. डर्बन शहरात नगरपालिकेने काळ्या लोकांसाठी बिअर विकण्याचा मक्ता स्वतःकडे घेतला. बायांनी घरी केलेली बिअर बेकायदा ठरली आणि नवऱ्यांची मजुरी नगरपालिकेच्या बिअर हॉलमध्ये जाऊ लागली. जून १९५९ मध्ये केटो मॅनॉर वस्तीतल्या बायांनी काठ्या घेऊन त्या हॉलवर चाल केली.

दोन्हीकडे बायांचा प्रश्न एकच होता. पैसा कुणाच्या हातातून कुणाच्या हातात चाललाय?

‘बिअरने काही होत नाही’ हे खरं का?

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की बिअर म्हणजे थंड पेय, असा समज तरण्या पोरांमध्ये आहे. हिशेब करून बघा. आपल्याकडे खपणाऱ्या स्ट्राँग बिअरमध्ये ८ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असतो. ६५० मिलीची एक बाटली म्हणजे सुमारे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के असतो, म्हणजे ९० मिलीच्या ‘नाइंटी’त सुमारे ३८ मिली. एक स्ट्राँग बाटली ही नाइंटीपेक्षा जड पडते. शिवाय अल्कोहोलने लघवी वाढते, शरीरातलं पाणी कमी होतं. उन्हात काम करून आलेल्याला पाणी, ताक, आंबील हेच बरं.

राज्यात बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१ वर्षं आहे, बाकी दारूसाठी २५. पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो, हेही अनेकांना माहीत नसतं.

खरा धोका विषारी दारूचा. तिच्यात मिथेनॉल असतं, आणि ते बहुतेक वेळा फुलातून येत नाही. औद्योगिक स्पिरिटची भेसळ केली की येतं. मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये याच कारणाने शंभरावर जीव गेले. पिल्यानंतर काही तासांनी अंधुक दिसू लागलं, पोटात दुखून उलट्या झाल्या, श्वास जोरात चालू लागला, तर ‘चढली असेल’ म्हणून झोपवून ठेवू नका. लगेच १०८ ला फोन करा. उशीर झाला तर डोळे जातात, जीवही जातो.

गावाच्या हातात काय आहे?

पेसा कायदा १९९६ चा. धुळे जिल्ह्यातली साक्री, शिरपूर आणि जळगाव जिल्ह्यातली चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यावर बंदी घालणं, नियम लावणं किंवा निर्बंध आणणं, हा अधिकार कायद्याने ग्रामसभेला दिलेला आहे. सणाला किती, विक्री चालेल की नाही, बाहेरची बाटली गावात येऊ द्यायची का, हे ग्रामसभा ठरावाने मांडू शकते. मात्र त्या सभेला बाया बसलेल्या हव्यात. नाहीतर ठराव कागदावरच राहतो.

बाकी गावांसाठी ‘उभी बाटली, आडवी बाटली’ मतदान आहे. परवानाधारक दुकान बंद करायचं असेल तर २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन द्यायचं. सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान होतं. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद. इथे एक मेख आहे. हिशेब मतदानाला आलेल्यांचा नसतो, यादीतल्या सगळ्यांचा असतो. मजुरीला बाहेरगावी गेलेल्या बायांची नावंही त्यात धरली जातात. म्हणून ऊसतोडीच्या हंगामात मतदान आलं तर निकाल फिरू शकतो. निवेदन देण्याआधी गावाने हे गणित करून ठेवावं.

घरात कुणाला व्यसन सुटता सुटत नसेल तर १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनी आहे, फोन मोफत लागतो.

मोहाचं झाड मात्र कुणाच्याच भांडणात नाही. फूल, फळ, बियांचं तेल, सावली, सगळं ते देतं. फुलांचा भाव मिळतोय की नाही, हा प्रश्न दारूइतकाच मोठा आहे. पुढच्या ग्रामसभेत दोन्ही विषय एकाच दिवशी घ्यायला हरकत नाही.