११३ वर्षं हुलकावणी देणारा पिंगळा आणि पामेलाबाई

धाराशिवकडच्या वाशीच्या शिवारात पिंगळ्याचं कुणाला नवल नाही. दिवेलागणीला तो झाडाच्या ढोलीतून नाहीतर पडक्या भिंतीच्या भोकातून डोकं काढतो, मान खालीवर करत आपल्याकडे टक लावतो आणि चिरक्या आवाजात भांडण सुरू करतो. पहाटे कुडमुडं वाजवत येणाऱ्या पिंगळा जोशाचं नावही याच्यावरूनच पडलं. या पाखराची बोली आपल्याला कळते, असं तो सांगतो.

याच पिंगळ्याचा एक चुलतभाऊ आहे, वनपिंगळा. १८८४ नंतर तो जो गायब झाला तो थेट १९९७ मध्ये सापडला, आणि तोही आपल्याच महाराष्ट्रात, शहाद्याजवळ! त्याला गाठणाऱ्या तिघांमध्ये एक बाई होत्या, अमेरिकेच्या पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन.

पुस्तकच हवं! पामेलाबाईंचा जन्म १९५९ चा. लहानपणी आईने जगातल्या पक्ष्यांचं मुलांसाठीचं पुस्तक आणून दिलं. तेव्हापासून भेट म्हणून या मुलीला पक्ष्यांचीच पुस्तकं हवी असायची. पुढे पाणकावळ्यांच्या कुळातल्या, दक्षिण अमेरिकेतल्या पक्ष्यांवर त्यांनी पीएच.डी. केली आणि मग स्मिथसोनियन संग्रहालयात डिलन रिप्ले यांच्याबरोबर काम धरलं. सालिम अलींसोबत भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ लिहिणारे ते हेच रिप्ले.

सात कातडी, एक चोर. वनपिंगळ्याची गोष्ट म्हणजे अस्सल गुप्तहेरकथा. ए. ओ. ह्यूम, म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारेच ह्यूम, यांनी १८७३ मध्ये या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन केलं. ब्लुइट नावाच्या साहेबाने आजच्या छत्तीसगडात पहिला नमुना मिळवला होता, म्हणून नाव पडलं ‘ब्लुइटी’. त्यानंतर खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी आणखी नमुने जमवले. सगळे मिळून जगात याची सात कातडी, बस्स. त्यातलं शेवटचं १९१४ मध्ये गुजरातेतल्या मांडवीला मिळवल्याचा दावा होता कर्नल रिचर्ड माइनर्टझहागेन यांचा. त्या नोंदीवर विसंबून सालिम अली आणि रिप्ले यांच्यासारखे जाणकारही शोधाला गेले आणि हात हलवत परतले.

पामेलाबाईंनी नोंदीपेक्षा कातड्यावर जास्त विश्वास ठेवला. या कर्नलसाहेबांचे इतरही नमुने संशयास्पद निघत होते. मांडवीच्या पिंगळ्याची क्ष-किरणांनी तपासणी झाली आणि बिंग फुटलं. पक्षी भरण्याची मूळची धाटणी डेव्हिडसन यांची, आतला भराव मात्र नंतर कुणीतरी बदललेला! म्हणजे ब्रिटिश संग्रहालयातला डेव्हिडसन यांचा जुना नमुना उचलायचा, पुन्हा भरायचा आणि वर आपली चिठ्ठी लावायची. हा सगळा पुरावा पामेलाबाईंनी पक्षीशास्त्रज्ञ नायजेल कॉलर यांच्यासोबत पुढे १९९९ मध्ये छापून मांडला. एवढ्याशा पाखराच्या पोटातल्या भरावावरून एका नामांकित माणसाची लबाडी उघडी पाडणं, हे मला त्यांच्या सगळ्या कामात सर्वांत थोर वाटतं.

मग शहादा. मांडवीची नोंद बाजूला सारल्यावर शोधायचं कुठे, याचं उत्तर सोपं झालं: जुने खरे नमुने जिथे मिळाले तिथेच. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेलाबाई, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट निघाले. पूर्वेकडची जुनी ठिकाणं पालथी घातली, तिथे काही नाही. मग सातपुड्याचा पायथा. २५ नोव्हेंबरच्या सकाळी किंग यांना एक पिंगळा दिसला. डोक्यावर ठिपके जवळपास नाहीत, छाती गडद तपकिरी, पंख-शेपटीवर रुंद पट्टे आणि पिसांनी भरदार पाय. तोच! आणि घुबडाच्या जातीचा असून भर उन्हात बसलेला. तिघांनी त्याचे फोटो घेतले, चित्रणही केलं. त्या दिवशी शहादा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा झाला तो पुढच्या वर्षी, १ जुलै १९९८ ला.

कपाटातला नवा पक्षी. मुंबईच्या हुमायूं अब्दुलअली यांनी ग्रेट निकोबार बेटावरून आणलेल्या एका शिंगळ्या घुबडाचे नमुने पामेलाबाईंनी बारकाईने पाहिले आणि १९९८ मध्ये जाहीर केलं, की ही वेगळीच प्रजाती आहे.

१,५०८! जॉन अँडरटन यांच्या चित्रांसह २००५ मध्ये आलेल्या त्यांच्या दोन खंडी ‘बर्ड्स ऑफ साउथ एशिया’मध्ये इतक्या प्रजाती आहेत. पुढे २०२५ मध्ये जगातल्या सगळ्या पक्ष्यांची एकच सर्वमान्य यादी तयार झाली, ‘अ‍ॅव्हीलिस्ट’. त्या कामातही त्या अग्रभागी होत्या. यादीतल्या प्रजाती ११,१३१.

पुढची पावलंही बायकांची. पक्षी सापडल्यावर तो खातो काय, राहतो कसा, हे कुणीतरी रानात बसून बघायला हवं होतं. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या (बीएनएचएस) फराह इश्तियाक यांनी असद रहमानी यांच्यासोबत तोरणमाळच्या जंगलात हा अभ्यास केला. पुण्याच्या प्राची मेहता यांनी मेळघाट आणि खंडव्याच्या सागवानी जंगलांत त्याचा माग ठेवला. २०१४ मध्ये तर तो मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानशाच्या जंगलातही दिसला. आज धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत तो ‘संकटग्रस्त’ आहे. जंगल तोडून शेतं वाढली की पहिला फटका यालाच बसतो.

वाशीकडून येडशीच्या रामलिंग अभयारण्यात जाल तेव्हा पिंगळा दिसला तर घाईने पुढे जाऊ नका. आधी त्याचं डोकं बघा. पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलं असेल तर तो आपला रोजचा. मग छाती बघा, मग पाय. शहाद्याजवळ त्या तिघांनीही हेच तर बघितलं होतं.