दारू आणि हृदयाचा ताल

कारखान्याचा पट्टा पडला की आमच्या बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार गावी परततात. लग्नसराई, जत्रा सुरू असते. काही घरांत सहा महिन्यांची दारू चार दिवसांत प्यायली जाते. "कधीमधीच पितो," म्हणून आम्हीही सोडून देतो.

अमेरिकेतील डॉक्टरांना 1978 साली हेच दिसले. सुट्टीत भरपूर प्यालेल्यांचे ठोके बेताल होत होते. त्यांनी त्याला 'हॉलिडे हार्ट' म्हटले. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. ही थरथर टिकली तर तिथे रक्त साचून गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली की लकवा मारतो. मग घरात अर्धा कोयता उरतो आणि मुकादमाची उचल एकट्या बाईच्या डोक्यावर येते.

मनगटावर अंगठ्याखाली बोटे ठेवून मिनिटभर नाडी पाहा. बसल्या जागी 60 ते 100 ठोके असावेत. ठोके मागेपुढे पडत असतील, धडधड होत असेल, तर दवाखान्यात ई.सी.जी. काढून घ्या. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, तर लगेच 108 ला फोन करा.

दारू सोडल्याने गुण येतो. ऑस्ट्रेलियातील अशा 140 रुग्णांचा अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत पूर्वीसारखे पिणाऱ्यांपैकी 73 टक्क्यांना त्रास उलटला, सोडणाऱ्यांपैकी 53 टक्क्यांना. रोज पिणाऱ्याने मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सोडावी.

पाचवे शील आपण विहारात म्हणतो. बंधूंनो, यंदा ते जत्रेतही पाळू या.