पात्र तयार आहे, पहिली ओळ सुचत नाही!

रात्रीचे अकरा वाजले आहेत. बारामतीतील एका वसतिगृहाची खोली. इंदापूर तालुक्यातील गावातून शिकायला आलेला एखादा विद्यार्थी मोबाइलच्या पडद्यावर तीन आठवड्यांपासून एकच गोष्ट वाचतो आहे. ती लिहिणारे पाच-सहा जण निरनिराळ्या गावांतले आहेत. प्रत्येकाने एकेक पात्र वाटून घेतले आहे. एकाने प्रसंग लिहायचा, दुसऱ्याने आपल्या पात्राच्या तोंडून त्याला उत्तर द्यायचे, तिसऱ्याने त्यात नवी अडचण आणायची. या विद्यार्थ्याच्याही मनात एक पात्र केव्हाचे तयार आहे. पहिली ओळ तो चार वेळा टंकतो आणि चारही वेळा पुसून टाकतो. असे संकोची वाचक बारामतीतच असतात असे नव्हे; ते कोथरूडला आणि डोंबिवलीलाही सापडतात. गोष्टीत उडी घ्यायची तर नेमके काय करायचे, हे मात्र त्यांना सहसा कोणी सांगत नाही.

या प्रकाराला रोलप्ले म्हणतात; तरुण मंडळी नुसतेच 'आरपी' म्हणून मोकळी होतात. चित्रे नाहीत, आवाज नाही, गुण नाहीत आणि बहुधा हार-जीतही नाही. आहेत ते फक्त शब्द. त्याची पाळेमुळे बरीच जुनी आहेत. टेबलाभोवती बसून खेळायचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ अमेरिकेत १९७४ मध्ये विक्रीस आला. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी १९७८ पासून 'मड' नावाचे शब्दमय जग संगणकावर उभे केले. त्यात एकाच वेळी अनेकांना वावरता येत असे. बार्टल हे सामान्य आर्थिक परिस्थितीतून आलेले. माणसाला त्याचे घराणे आणि त्याची बोली जेथे मागे खेचणार नाहीत असे एक जग हवे होते, हे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. संकोचाचा प्रश्न या खेळात नंतर शिरला नाही. तो पहिल्या दिवसापासूनच तेथे आहे.

मराठी माणसाला यातले सारेच नवे वाटायचे कारण नाही. संत एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडे रचली, तेव्हा ते कधी वासुदेव झाले, कधी जोशी, तर कधी गोंधळी. दुसऱ्याच्या तोंडून 'मी' म्हणून बोलण्याची ती रीत वारीच्या वाटेवर आजही पाहायला मिळते, आणि तुकोबांच्या पालखीची वाट तर बारामती-इंदापूरवरूनच जाते. तमाशातील बतावणीत सोंगाड्या समोरच्याचे वाक्य झेलून जागच्या जागी उत्तर देतो. सिंधुदुर्गातील दशावतारात तर संवादांची लिखित संहिताच नसते. कथानक ठरलेले असते आणि संवाद नट रंगमंचावर रचतात. रोलप्लेची कृती हीच आहे. फरक इतकाच, की येथे समोर प्रेक्षक नसतात आणि उत्तराला दोन सेकंदांऐवजी दोन दिवस मिळतात. लाजऱ्या माणसासाठी हा फरक लहान नव्हे.

मराठी संकेतस्थळांवर याचे एक जवळचे भावंडही होते. १९९६ च्या गणेशचतुर्थीला सुरू झालेल्या 'मायबोली'वर गणेशोत्सवात 'एसटीवाय' हा खेळ रंगत असे. एकाने कथेला सुरुवात करून द्यायची आणि पुढच्यांनी ती आपापल्या परीने वळवत न्यायची. तेथे प्रत्येक जण साऱ्या कथेचा मालक असे. रोलप्लेमध्ये मात्र आपल्या मालकीचे एकच पात्र असते, आणि नवख्याचे निम्मे घोटाळे हे न कळल्यामुळेच होतात.

एक उदाहरण घेऊ. उजनी धरणाच्या जलाशयात इंदापूर तालुक्यातील जुने पळसदेव गाव बुडाले. तेथील पळसनाथाचे प्राचीन मंदिर एरवी पाण्याखाली असते आणि दुष्काळी वर्षात पाणी खूप उतरले की उघडे पडते. समजा, सूत्रधाराने हाच प्रसंग मांडला. महिना वैशाख, भेगाळलेला गाळ, मंदिराचे शिखर उन्हात. एका खेळाडूने भिगवणकडून होडी घेऊन आलेला मच्छीमार घेतला आहे. नवखा विद्यार्थी विस्थापित गावातील निवृत्त मास्तर घेतो आणि लिहितो, 'मास्तर आले. त्यांनी सभोवार पाहिले. त्यांना फार वाईट वाटले.' व्याकरण शुद्ध, भावना खरी. पण मच्छीमाराने यावर करायचे काय? त्याला पकडायला काहीच दिलेले नाही. आता हेच पाहा : 'मास्तर काठी रोवत पायरीपर्यंत आले. पायरीवर बेलाचे ताजे पान होते. इतकी वर्षं पाण्यात असलेल्या देवाला हे वाहिलं कुणी, असे त्यांनी होडीवाल्याकडे वळून विचारले.' भाषा पहिल्यापेक्षा फार सुंदर आहे असे नाही. पण आता होडीवाल्याला खोटे बोलता येईल, चिडता येईल किंवा गप्प राहून जाळे आवरता येईल. समोरच्याला उत्तर द्यायला जागा ठेवणे हेच या खेळातले मुख्य कौशल्य आहे आणि त्यासाठी साहित्यिक असावे लागत नाही. उलट, पानभर अलंकारिक वर्णन लिहून शेवटी काहीच न विचारणारा खेळाडू लवकरच एकटा पडतो.

जागा ठेवायची म्हणजे ती दुसऱ्याची बळकावायची नाही, हेही आलेच. 'मास्तरांनी होडीवाल्याची मानगूट धरली, तो घाबरला आणि त्याने सारे कबूल केले' असे लिहिले, तर मास्तरांच्या खेळाडूने होडीवाल्याचे भय आणि त्याचा कबुलीजबाब परस्पर लिहून टाकला. खेळाडू याला 'गॉडमोडिंग' म्हणतात आणि ते कोणालाच आवडत नाही. 'मास्तरांनी मानगुटीकडे हात नेला' येथे थांबावे; पुढचे होडीवाला ठरवील. दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे. ते पान होडीवाल्यानेच पहाटे वाहिले, हे त्याच्या खेळाडूने आधी लिहिलेले आपण वाचले आहे. पण ते आपल्याला ठाऊक आहे, मास्तरांना नाही. मास्तरांनी उगाच सर्वज्ञ होऊ नये.

पात्र निवडताना नवखा हमखास एक मोह करतो. देखणा, शूर, सर्व विद्यांत पारंगत आणि दुःखी भूतकाळ असलेला नायक तो घेऊन येतो. अशा निर्दोष पात्रांना 'मेरी सू' हे नाव १९७३ मधील एका विडंबनकथेवरून पडले आणि अजून टिकले आहे. त्यापेक्षा कानाने थोडे कमी ऐकणारे मास्तर घ्यावेत. त्यांचा गैरसमज होऊ शकतो आणि गैरसमजातून गोष्ट पुढे सरकते. पात्र आपल्यापेक्षा थोडे धीट असावे, पण ओळखू येणार नाही इतके दूरचे नसावे.

भाषेचा प्रश्न मात्र खरोखरच अडचणीचा आहे. रोलप्लेची बरीचशी दुनिया इंग्रजीत चालते. त्यामुळे गावाकडून आलेल्या मुलाला दुहेरी धास्ती असते. इंग्रजी येत नाही ही एक, आणि आपली मराठी 'शुद्ध' नाही ही दुसरी. पहिलीवर उपाय सोपा आहे. दोन-तीन मित्रांनी मिळून मराठीतच खेळ मांडावा. मोबाइलवर देवनागरी टंकणे आता कोणालाही जमते. दुसरी धास्ती या खेळात चक्क उलटी फिरते. 'काय शोधताय मास्तर? गाळात आता शिंपल्याबिगर काय घावत न्हाई' हे वाक्य होडीवाल्याच्या तोंडी जितके जिवंत वाटते, तितके त्याचे प्रमाण मराठीतील रूप वाटणार नाही. वर्गात उभे राहून बोलताना जी बोली लपवावीशी वाटते, तीच येथे पात्राला उभे करते. भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकीच्या बाजारात ऐकलेले बोलणे ज्याच्या कानात आहे, त्याच्याकडे पुण्या-मुंबईच्या खेळाडूपेक्षा भांडवल जास्तच आहे.

प्रत्यक्ष सुरुवात कशी करावी? आधी वाचावे, पण वाचनाला मुदत घालून घ्यावी, आठवडा पुरे. त्यानंतरचे वाचन म्हणजे बहुधा टाळाटाळच. पंचवीस जणांच्या गजबजलेल्या खेळापेक्षा तीन-चार जणांचा, सावकाश चालणारा खेळ बरा. सूत्रधाराला सरळ लिहावे, 'मी नवीन आहे. तुमची गोष्ट वाचतो आहे. मंदिरापाशी एका म्हाताऱ्या मास्तरांना जागा आहे का?' इतकी विनंती पुरते. आत्मचरित्र सांगण्याची गरज नाही, आणि 'मला काही येत नाही' हे दहा वेळा सांगण्याचीही नाही. पहिली नोंद इतरांच्या नोंदींएवढ्याच लांबीची असावी. पात्राबाहेर काही बोलायचे असल्यास ते दुहेरी कंसात लिहिण्याची पद्धत आहे; त्याला 'ओओसी' म्हणतात. शंका तेथे विचाराव्यात.

त्यानंतर येते ती शांतता. दोन दिवस कोणाचेच उत्तर येत नाही आणि संकोची मन लगेच निष्कर्ष काढते, की आपले लेखन आवडले नाही. बहुतेक वेळा समोरच्याची परीक्षा असते, नाहीतर तो गावी गेलेला असतो. चार दिवसांनी दुहेरी कंसात एक साधी आठवण करावी; त्यात कोणाला राग येत नाही.

मुखवट्याचे धोकेही आहेत. पावेल कर्टिस यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या 'लॅम्डामू' या शब्दमय जगात एका खेळाडूने इतरांच्या पात्रांवर केवळ शब्दांनी किळसवाणे अत्याचार केले. ज्युलियन डिबेल यांनी १९९३ मध्ये त्यावर लिहिलेला लेख गाजला. पात्र खोटे असले तरी ते लिहिणाऱ्याला बसलेला धक्का खरा होता. म्हणूनच चांगल्या गटांत हिंसा, प्रणय असे विषय कोठवर न्यायचे हे आधी ठरवतात. नको असलेला प्रसंग आला तर दुहेरी कंसात 'थांबूया' म्हणण्याचा अधिकार सर्वांत नवख्यालाही असतो. तो न मानणारा गट त्याच दिवशी सोडावा. खरे नाव, महाविद्यालय, छायाचित्र, फोन क्रमांक यांतले काही देऊ नये. पात्राशी झालेली मैत्री म्हणजे माणसाची ओळख नव्हे. हे खेळ बऱ्याचदा २०१५ मध्ये आलेल्या 'डिस्कॉर्ड'वर चालतात. त्याच्या अटींनुसार तेरा वर्षांखालील मुलांना तेथे प्रवेश नाही. कोणी धमकावू लागले किंवा पैसे मागू लागले, तर सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

या खेळाने लाजाळूपणा जातो, असे सर्रास सांगितले जाते. ते फारसे मनावर घेऊ नये. पडद्यावर बिनधास्त लिहिणारा मुलगा दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षेत गप्पच राहू शकतो. मात्र आपले वाक्य कोणीतरी झेलले आणि त्याला उत्तर दिले, हा अनुभव त्याच्या पदरी असतो, आणि तो काहींना प्रथमच आलेला असतो.

खेळ सोडतानाही एक रीत आहे. परीक्षा जवळ आली, घरचे काम निघाले, तर न सांगता गायब होऊ नये; इतरांची गोष्ट अडून राहते. दुहेरी कंसात कल्पना द्यावी आणि पात्राला मार्गी लावावे. एवीतेवी पाऊस लागला की उजनी भरू लागते, मंदिर पुन्हा पाण्याखाली जाते. तेव्हा मास्तरांनी होडीवाल्याला रामराम करावा, काठी उचलावी आणि इंदापुरात मुक्कामाला आलेल्या पालखीबरोबर पंढरपूरची वाट धरावी. परीक्षा संपल्यावर त्यांना परत येता येते.