दिल्लीत उतरायचे कुठे?

दिल्लीला एकच एक मध्यवस्ती नाही. शहाजहानने १६३९ मध्ये वसवायला घेतलेले शहाजहानाबाद म्हणजे आजची जुनी दिल्ली. १९११ मध्ये राजधानी कोलकात्याहून हलवण्याची घोषणा झाली आणि जुन्या शहराच्या दक्षिणेला नवी दिल्ली उभी राहिली; तिचे उद्घाटन १९३१ मध्ये झाले. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांसाठी राजेंद्रनगर, लाजपतनगर अशा वसाहती आखल्या गेल्या. पुढे हरियाणात गुरुग्राम आणि उत्तर प्रदेशात नोएडा ही जोडशहरे वाढली. या सगळ्यांना मिळून लोक सहज ‘दिल्ली’ म्हणतात, पण प्रत्येक भागाचा रस्ता, बाजार, भाव आणि रात्रीची वर्दळ वेगळी आहे.

राजधानी क्षेत्राचा विस्तार सुमारे १,४८३ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या जवळजवळ अडीचपट. गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद आणि फरिदाबाद त्याबाहेर आहेत. मुंबई उत्तर-दक्षिण लांब पसरलेली असल्यामुळे लोकलचा मार्ग कळला की तिची दिशा कळते. दिल्ली चहूबाजूंनी पसरली आहे. म्हणून नुसते भाडे किंवा छायाचित्रे पाहून खोली घेतली, तर रोजचे दोन-तीन तास प्रवासात जाऊ शकतात. ठरवण्याचा सोयीचा क्रम असा: आधी काम कुठे आहे ते पाहावे, मग येण्या-जाण्याचे स्थानक, त्या दोहोंना जोडणारा मेट्रोमार्ग, त्यावरची वस्ती आणि सर्वांत शेवटी हॉटेल.

कोणत्या स्थानकावर उतरणार?

महाराष्ट्रातून येणाऱ्या सगळ्या गाड्या एकाच स्थानकावर येत नाहीत. मुंबई सेंट्रलहून सुटणारी राजधानी, पंजाब मेल आणि पुण्याहून जम्मूकडे जाणारी झेलम एक्स्प्रेस नवी दिल्ली स्थानकावर येतात. नागपूरमार्गे येणारी तमिळनाडू एक्स्प्रेसही तेथेच येते. ऑगस्ट क्रांती राजधानी, नाशिक-जळगावमार्गे येणारी सीएसएमटी राजधानी आणि पुण्यावरून येणारी गोवा एक्स्प्रेस मात्र हजरत निजामुद्दीनला थांबतात. ही दोन स्थानके एकमेकांपासून काही किलोमीटर दूर आहेत, त्यामुळे तिकिटावरचे नाव नीट वाचावे.

नवी दिल्ली स्थानकाला दोन तोंडे आहेत. फलाट क्रमांक १ च्या बाजूला पहाडगंज, तर १६ च्या बाजूला अजमेरी गेट. मेट्रोची पिवळी मार्गिका आणि विमानतळाची एअरपोर्ट एक्स्प्रेस ही दोन्ही अजमेरी गेटकडे आहेत. सामान घेऊन चुकीच्या बाजूने बाहेर पडले, तर लांबलचक पूल पुन्हा ओलांडावा लागतो. निजामुद्दीनला मेट्रोच्या गुलाबी मार्गिकेवरील सराय काले खां-निजामुद्दीन स्थानक जवळ पडते.

विमानाने येणाऱ्यांनी टर्मिनल पाहून ठेवावे. टर्मिनल २ आणि ३ शेजारी आहेत. टर्मिनल १ त्यांच्यापासून वेगळे, काही किलोमीटरवर आहे. टर्मिनल ३ मधून २०११ मध्ये सुरू झालेली एअरपोर्ट एक्स्प्रेस साधारण वीस मिनिटांत नवी दिल्ली स्थानक गाठते. टर्मिनल १ किरमिजी मार्गिकेवर असून तेथून हौज खासला थेट जाता येते. म्हणजे टर्मिनल ३ वर उतरणाऱ्याला कॅनॉट प्लेसचा परिसर सोपा, तर टर्मिनल १ वर उतरणाऱ्याला दक्षिण दिल्ली.

मेट्रो: मुक्कामाचा कणा

दिल्ली मेट्रोचा पहिला टप्पा डिसेंबर २००२ मध्ये शाहदरा ते तीस हजारी असा सुरू झाला. आज तिचे जाळे गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद आणि फरिदाबादपर्यंत पोहोचले आहे. पाहुण्याच्या दृष्टीने दोन मार्गिका सर्वांत उपयोगी ठरतात. पिवळी मार्गिका उत्तरेकडून विद्यापीठ, कश्मीरी गेट, चांदनी चौक, नवी दिल्ली, राजीव चौक, केंद्रीय सचिवालय, एम्स, हौज खास, कुतुबमिनार अशी गुरुग्रामपर्यंत जाते. निळी मार्गिका द्वारकेहून करोल बाग, राजीव चौक, मंडी हाऊस, सर्वोच्च न्यायालय अशी नोएडाकडे जाते. राजीव चौकात या दोन्ही एकमेकींना छेदतात. यांपैकी एकीवर चालत जाण्याच्या अंतरावर मुक्काम असला, तर बहुतेक कामे एका बदलात होतात.

मेट्रो पहाटेपासून रात्री अकराच्या सुमारापर्यंत धावते. शेवटच्या गाडीची वेळ प्रत्येक स्थानकावर वेगळी असते. प्रत्येक प्रवेशद्वाराशी सामान यंत्रातून तपासले जाते आणि कार्यालयीन वेळेत तेथे रांगा लागतात. गाडीचा पहिला डबा महिलांसाठी राखीव असतो. मोठ्या सामानाने येणाऱ्याने सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ या वेळा टाळल्या तर प्रवास सुखाचा होतो.

वस्त्यांची ओळख

कॅनॉट प्लेस, म्हणजे दिल्लीकरांचे ‘सीपी’, हा सर्वांत मध्यवर्ती पर्याय. रॉबर्ट टॉर रसेल या वास्तुविशारदाने आखलेली ही वर्तुळाकार बाजारपेठ १९३० च्या दशकाच्या आरंभी पूर्ण झाली. जंतरमंतर, बंगला साहिब गुरुद्वारा, जनपथ आणि मंडी हाऊस सगळे जवळ. बाबा खडकसिंग मार्गावर राज्यांची हस्तकला भांडारे आहेत. महाराष्ट्र परिचय केंद्रही तेथेच आहे. हॉटेले महाग आहेत, पण जयसिंग मार्गावरील वायएमसीएसारख्या संस्थांच्या निवासात तुलनेने स्वस्त सोय होते. गुरुद्वाऱ्याच्या सराईत यात्रेकरूंना जागा मिळते, मात्र तेथे गुरुद्वाऱ्याचे नियम पाळावे लागतात.

याच पट्ट्यात महाराष्ट्राची दोन सदने आहेत. जुने महाराष्ट्र सदन मंडी हाऊसजवळ कोपर्निकस मार्गावर, तर २०१३ मध्ये उद्घाटन झालेले नवे सदन इंडिया गेटकडे जाणाऱ्या कस्तुरबा गांधी मार्गावर. खोल्या देताना लोकप्रतिनिधी आणि शासकीय कामावर आलेले अधिकारी यांना प्राधान्य असते, म्हणून सर्वसामान्यांनी केवळ सदनाच्या भरवशावर दिल्ली गाठू नये. आधी लेखी चौकशी करून दुसरी सोय हाताशी ठेवणे शहाणपणाचे. घरच्या चवीचे जेवण हवे असणाऱ्यांना सदनाच्या उपाहारगृहाचा आधार वाटतो.

पहाडगंज नवी दिल्ली स्थानकासमोरच आहे. कमी भाड्याची शेकडो हॉटेले, परदेशी प्रवाशांची गर्दी आणि रात्री उशिरापर्यंत चालणारा मेन बाजार ही त्याची ओळख. दिल्लीतील मराठी कुटुंबांची नूतन मराठी शाळाही याच भागात आहे. पहाटेची गाडी पकडायची असेल किंवा एकाच रात्रीचा मुक्काम असेल, तर पहाडगंजइतकी सोयीची जागा नाही. मात्र गल्ल्या अरुंद आहेत आणि एकाच गल्लीत चांगले व वाईट हॉटेल शेजारी असते. लहान मुले आणि वृद्ध बरोबर असतील तर रामकृष्ण आश्रम मार्ग मेट्रोजवळचे, मोठ्या रस्त्यावरचे हॉटेल निवडावे.

करोल बाग हा कुटुंबासाठी मधला मार्ग. निळ्या मार्गिकेवरील झंडेवालान, करोल बाग आणि राजेंद्र प्लेस या स्थानकांभोवती मध्यम भाड्याची भरपूर हॉटेले आहेत. अजमल खान रोडचा बाजार पायी फिरण्याजोगा आहे. सोमवारी तो बहुतांशी बंद असतो. लागूनच जुने राजेंद्रनगर, जेथे संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करणारी हजारो मुले राहतात. त्यांत महाराष्ट्रातली मुलेही मोठ्या संख्येने असतात. मुलाला किंवा मुलीला भेटायला येणाऱ्या पालकांना हाच परिसर बरा. मुलाखत शाहजहान मार्गावरच्या धौलपूर हाऊसमध्ये असते. त्यासाठी आदल्या रात्री मंडी हाऊस किंवा खान मार्केटच्या बाजूला राहिले, तर सकाळची धावपळ टळते.

जुनी दिल्ली पाहण्यासाठी अमोल, राहण्यासाठी मात्र प्रत्येकाची नाही. १६४८ मध्ये पूर्ण झालेला लाल किल्ला, जामा मशीद आणि सीसगंज गुरुद्वारा पायी फिरण्याच्या टप्प्यात येतात. पण लाल किल्ला ते फत्तेपुरी या चांदनी चौकाच्या भागात दिवसा मोटारींना बंदी असते, त्यामुळे सामान सायकलरिक्षाने किंवा हातानेच न्यावे लागते. ज्यांना फक्त भटकायचे आहे त्यांनी सीपीजवळ राहून मेट्रोने येणे उत्तम.

दक्षिण दिल्लीत ग्रीन पार्क, हौज खास, सफदरजंग एन्क्लेव्ह, लाजपतनगर आणि ग्रेटर कैलास येथे घरगुती अतिथिगृहे अधिक आहेत. झाडांचे रस्ते, शांत रात्री आणि चांगली उपाहारगृहे हे त्यांचे गुण. पर्यटनासाठी चार-पाच दिवस येणाऱ्या कुटुंबाला पिवळ्या मार्गिकेजवळचे ग्रीन पार्क किंवा हौज खास फार मानवते: कुतुबमिनार, दिल्ली हाट आणि केंद्रीय सचिवालय एकाच गाडीवर येतात. विमानतळालगतची एरोसिटी मोठ्या हॉटेलांसाठी, तर महामार्गावरचे महिपालपूर स्वस्त खोल्यांसाठी. दोन्ही ठिकाणे पहाटेच्या विमानापुरतीच योग्य. गुरुग्राम आणि नोएडा तेथेच काम असेल तरच निवडावे. सायबर सिटीत बैठक असेल तर सिकंदरपूरच्या आसपास, आणि ग्रेटर नोएडाच्या एक्स्पो मार्टमध्ये प्रदर्शन असेल तर त्याच शहरात राहावे.

काम कोणते, त्यावर वस्ती

उपचारासाठी दिल्लीला येणाऱ्यांचा प्रश्न सर्वांत नाजूक असतो. १९५६ मध्ये स्थापन झालेली एम्स ही संस्था आणि समोरचे सफदरजंग रुग्णालय यांच्याभोवती युसुफ सराय, गौतमनगर आणि ग्रीन पार्क या वस्त्यांत रुग्णांचे नातेवाईक राहतात. बाह्यरुग्ण विभागाची रांग भल्या पहाटे लागते, म्हणून येथे चालत जाण्याचे अंतर भाड्यापेक्षा महत्त्वाचे. विश्रामसदने व धर्मशाळाही आहेत. त्यांत जागा मिळवण्यासाठी रुग्णालयाची कागदपत्रे लागतात. लिफ्ट, गरम पाणी आणि पथ्याच्या जेवणाची सोय यांची खात्री आधीच करावी.

सर्वोच्च न्यायालयात किंवा भारत मंडपमच्या प्रदर्शनात काम असेल तर मंडी हाऊस ते करोल बाग हा निळा पट्टा घ्यावा. फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तालकटोरा स्टेडियममध्ये भरले. त्या स्टेडियमच्या अगदी दाराशी मेट्रो नाही. अशा ठिकाणच्या कार्यक्रमासाठी सीपी, गोल मार्केट किंवा करोल बाग येथे राहून उरलेले अंतर ऑटोने जाणे सोपे पडते.

आग्र्याला जाऊन परत यायचे असेल तर गाडी कुठून सुटते ते पाहावे. भोपाळ शताब्दी सकाळी सहाच्या सुमारास नवी दिल्लीहून निघते. तिच्यासाठी पहाडगंज सोयीचे. गतिमान एक्स्प्रेस निजामुद्दीनहून सुटते. तिच्यासाठी लाजपतनगर किंवा जंगपुरा जवळ. ताजमहाल शुक्रवारी आणि लाल किल्ला सोमवारी बंद असतो, हेही दिवस ठरवताना लक्षात ठेवावे.

ऋतू आणि तारखा

मुक्कामाची वस्ती ऋतूप्रमाणेही बदलावी लागते. डिसेंबरअखेर आणि जानेवारीत दाट धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास उशिरा येतात. त्या दिवसांत स्थानकाजवळची खोली आणि रात्री उशिरा उघडे राहणारे स्वागतकक्ष महत्त्वाचे. ऑक्टोबरअखेरपासून हवेचे प्रदूषण वाढते, म्हणून दम्याच्या रुग्णांनी मोठ्या चौकाच्या तोंडावरची खोली टाळावी. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत जातो. मेट्रोपासून दहा मिनिटांचे चालणेही तेव्हा जड होते. पावसाळ्यात गुरुग्राममध्ये आणि दिल्लीतील रेल्वेपुलांखाली पाणी तुंबते.

प्रजासत्ताक दिनाच्या आधीच्या रंगीत तालमींपासून कर्तव्यपथाभोवतीचे रस्ते बंद होतात, मध्यवर्ती मेट्रो स्थानकांवर निर्बंध येतात. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास हीच स्थिती लाल किल्ल्याभोवती असते. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा आणि लग्नसराई एकत्र आल्याने भाडी चढतात.

खोली ठरवण्यापूर्वी

जाहिरातीतील ‘मेट्रोपासून जवळ’ या शब्दांवर न थांबता नकाशावर चालण्याचा रस्ता पाहावा. मध्ये सहापदरी रस्ता, रेल्वेरूळ किंवा अंधारी गल्ली असेल तर पाचशे मीटरही फार होतात. एकट्या महिलेने रात्री परतण्याचा हा शेवटचा टप्पा विशेष तपासावा आणि ऑटो दारापर्यंत येतो का ते विचारावे. सारख्या नावांची हॉटेले बरीच असल्याने पूर्ण पत्ता आणि दूरध्वनी लिहून घ्यावा.

सुरक्षिततेत तडजोड करू नये. फेब्रुवारी २०१९ मध्ये करोल बागेतील एका हॉटेलच्या आगीत १७ जणांचा मृत्यू झाला. जुलै २०२४ मध्ये जुन्या राजेंद्रनगरातील एका शिकवणीच्या तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थी दगावले. खोलीला उघडणारी खिडकी असावी, दुसरा जिना कुठे आहे ते पहिल्याच संध्याकाळी पाहून घ्यावे आणि तळघरातली खोली कितीही स्वस्त असली तरी नाकारावी.

नवी दिल्ली स्थानकाबाहेर ‘तुमचे हॉटेल बंद झाले आहे’ किंवा ‘तिकडचा रस्ता बंद आहे’ असे सांगून दुसरीकडे नेणारे दलाल भेटतात. अशा वेळी हॉटेलला स्वतः फोन करून खात्री करावी. प्रत्येक प्रौढाचे मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे, कारण त्याशिवाय खोली मिळत नाही. मुक्काम आठवड्याहून मोठा असेल तर आधी दोनच रात्रींचे पैसे भरावेत. वस्ती, पाणी, आवाज आणि रोजचा प्रवास अनुभवल्यावर राहायचे की बदलायचे हे ठरवता येते, आणि ऐन वेळी पैसे बुडण्याचा धोकाही राहत नाही.