कारवानी कुत्रा आपल्या वस्तीला मानवेल का?

मळ्यात वस्ती करून राहणाऱ्या शेतकऱ्याला कुत्र्याची गरज असते. अलीकडे बरेच शेतकरी बंधू गावठी कुत्र्याऐवजी कारवानी कुत्रा पाळण्याचा विचार करतात. उंच, सडपातळ बांधा, लांब तोंड आणि वाऱ्यासारखी धाव यामुळे हा कुत्रा कोणाच्याही मनात भरतो. परंतु पिल्लू घरी आणल्यावर वर्ष-दीड वर्षाने शेजाऱ्याची शेळी किंवा आपल्याच कोंबड्या त्याने मारल्या की तक्रारी सुरू होतात. मग कुत्रा कायम साखळीला बांधला जातो किंवा लांब नेऊन सोडून दिला जातो. यात दोष कुत्र्याचा नसतो, निवडीचा असतो. म्हणून पिल्लू आणण्यापूर्वी या जातीची माहिती करून घेणे आवश्यक आहे.

जातीची ओळख

महाराष्ट्राचा दक्षिण भाग व त्याला लागून असलेला कर्नाटकाचा भाग हे या कुत्र्याचे माहेर. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ परिसरात त्याला मुधोळ हाउंड म्हणतात, तर आपल्याकडे कारवानी हे नाव रूढ आहे. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीची जोपासना केली. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर काढलेल्या चार तिकिटांमध्ये मुधोळ हाउंडचा समावेश होता. २०१६ च्या सुमारास भारतीय लष्करानेही या जातीची पिल्ले मेरठ येथील केंद्रात प्रशिक्षणासाठी घेतली.

पूर्ण वाढलेल्या कुत्र्याची खांद्यापर्यंतची उंची साधारण दोन ते सव्वादोन फूट असते. अंगावर चरबी कमी, कातडी पातळ व केस आखूड असतात. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणे हे या जातीत निरोगीपणाचे लक्षण आहे. कुत्रा उपाशी आहे असे समजून त्याला जादा खाऊ घालू नये.

स्वभाव समजून घ्या

बहुतेक कुत्री नाकाने माग काढतात. कारवानी मात्र मुख्यतः डोळ्याने शिकार हेरतो. दूरवर हलणारी वस्तू दिसली की तो न भुंकता धाव घेतो. एकदा धावू लागला की मालकाची हाक त्याच्या कानी पडली तरी तो थांबेलच असे नाही. हा गुण पिढ्यान् पिढ्या निवड करून मुरवलेला आहे. तो मारून किंवा रागावून जात नाही. याचे तीन परिणाम शेतकऱ्याने लक्षात घ्यावेत.

१) पळणारी कोंबडी, मांजर, करडू किंवा कोकरू त्याला शिकारच वाटते. पिल्लू लहान असल्यापासून, म्हणजे दीड-दोन महिन्यांपासूनच, त्याची गोठ्यातील जनावरांशी ओळख करून दिली तर घरची जनावरे तो बहुधा सांभाळून घेतो. शेजाऱ्याच्या जनावरांबाबत मात्र तशी खात्री देता येत नाही.

२) धावण्याच्या भरात त्याला रस्त्यावरील वाहन, कठडा नसलेली विहीर किंवा काटेरी तारेचे कुंपण यांचे भान राहत नाही. पातळ कातडी तारेने सहज फाटते.

३) ससा, हरीण यांच्यामागे कुत्रा सोडणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. शिकारीच्या हौसेने हा कुत्रा पाळू नये.

घरच्या माणसांत हा कुत्रा शांत व मायाळू असतो. अनोळखी माणसापासून तो चार हात दूर राहतो. परक्याची चाहूल त्याला लवकर लागते, पण सतत भुंकून वस्ती जागी ठेवणे हा त्याचा पिंड नाही. मेंढरे वळवण्याचे कामही त्याचे नव्हे. केवळ राखणीसाठी कुत्रा हवा असेल तर चांगला गावठी कुत्रा अधिक उपयोगी पडतो व त्याचा खर्चही कमी येतो.

जागा व व्यायाम

या कुत्र्याला दिवसभर धावावे लागते हा समज चुकीचा आहे. सकाळ-संध्याकाळ अर्धा-पाऊण तास फिरणे आणि बंदिस्त जागेत थोडे मोकळे धावणे मिळाले की तो उरलेला वेळ पडून राहतो. मात्र ही धाव रोज मिळाली पाहिजे. दिवसरात्र साखळीला बांधलेला कारवानी चिडखोर बनतो. मोकळे सोडण्याची जागा पाच-सहा फूट उंच जाळीने किंवा भिंतीने बंदिस्त असावी. अंगावर चरबी नसल्याने त्याला थंडी बाधते. हिवाळ्यात गोणपाटाचे जाड अंथरूण व वाऱ्यापासून आडोसा द्यावा.

जुन्नर, आंबेगावसारख्या ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर असतो आणि कुत्रा हे त्याचे सोपे भक्ष्य आहे. अशा भागात कुत्रा रात्री उघड्यावर बांधू नये. मजबूत दाराच्या बंद खोलीत ठेवावा. हे शक्य नसेल तर वस्तीवर कुत्रा ठेवण्याचाच फेरविचार करावा.

आहार व आरोग्य

ज्वारी-बाजरीची भाकरी व दूध यावर कुत्रा जगतो, पण वाढीच्या वयात तेवढे पुरत नाही. जोडीला अंडी, उकडलेले मांस किंवा डाळ द्यावी. मोठ्या कुत्र्याला दिवसातून दोन वेळा खाणे द्यावे. धावून आल्याबरोबर पोटभर खाऊ घालू नये. शिजवलेली हाडे तुकडे होऊन आतड्यात रुततात, ती टाळावीत.

पिल्लाला दीड-दोन महिन्यांपासून डिस्टेंपर व पार्वो रोगांची लस, तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस द्यावी. पुढील मात्रा पशुवैद्यकांच्या सल्ल्याने व रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्यावी. जंतनाशक वेळेवर पाजावे. गोचिडांमुळे रक्ताचे गंभीर आजार होतात, म्हणून कान व बोटांच्या बेचक्या नियमित तपासाव्यात. या जातीच्या कुत्र्यांना भुलीची काही औषधे जास्त काळ बाधतात. शस्त्रक्रियेपूर्वी जात कोणती ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. पैदास करायची नसेल तर नसबंदी करून घ्यावी.

निर्णय कसा घ्यावा?

घरातील सर्वांनी बसून पुढील प्रश्नांची उत्तरे द्यावीत.

१) सुगीत सगळे शेतावर असताना कुत्र्याचे खाणे-पिणे व फिरवणे कोण पाहणार?
२) मोकळे सोडण्यास बंदिस्त जागा आहे का? जवळची विहीर कठड्याची आहे का?
३) शेजारी शेळ्या-मेंढ्या व मोकळ्या कोंबड्या किती आहेत? नुकसान झाल्यास भरपाई देण्याची तयारी आहे का?
४) लसीकरण व औषधांचा खर्च दरवर्षी झेपेल का?
५) दहा-बारा वर्षे त्याला सांभाळण्याची तयारी आहे का?

दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असेल तर कारवानीचा नाद सोडावा. बाकीच्या अडचणी मेहनतीने सुटतात, पण या दोन सुटत नाहीत. सर्व उत्तरे होकारार्थी असतील तर पिल्लाचे आई-बाप प्रत्यक्ष पाहून, किमान दोन महिन्यांचे निरोगी पिल्लू निवडावे. आई-बाप माणसाला घाबरट किंवा अंगावर येणारे असतील तर ते पिल्लू घेऊ नये.

बैल घेताना आपण दात, खूर आणि चाल पाहतो, शिवाय आपल्या जमिनीला तो पेलेल का याचाही विचार करतो. कुत्र्याच्या बाबतीतही तोच हिशेब ठेवावा. योग्य घरी गेलेला कारवानी आयुष्यभर जीव लावतो. चुकीच्या घरी गेलेला मात्र स्वतःही हाल काढतो आणि शेजाऱ्याशी वैर आणतो.