गाणं शेवटपर्यंत ऐकायचं!

परवा संध्याकाळी विरारला आमच्या इमारतीच्या जिन्यात शेजारची दहावीतली मुलगी बसली होती. कानात इअरफोन, डोळे लाल.

"काय गं, अभ्यासाचं टेन्शन का?"

"नाही काका. मैत्री तुटली."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वर्गात कुणाशेजारी बसायचं, डबा कुणाबरोबर खायचा, जीवदानीच्या डोंगरावर कुणाबरोबर जायचं, सगळं तिची मैत्रीणच ठरवायची. ऐकलं नाही की आठ-आठ दिवस अबोला, वर हिच्याबद्दल वर्गात खोटंनाटं सांगणं. शेवटी हिनेच मैत्री सोडली. "पण काका, आता तिचीच आठवण येते. म्हणजे माझंच चुकलं ना?"

तिच्या कानात गाणं वाजत होतं, 'आय वॉन्ट टू ब्रेक फ्री'. मी म्हटलं, "अगं, हे गाणं शेवटपर्यंत ऐकलंस का?"

मित्रांनो, हे गाणं 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचं. आलं १९८४ साली. गायलं फ्रेडी मर्क्युरीने. त्याचं मूळ नाव फारोख बलसारा. जन्म १९४६ साली झांझिबारमध्ये, एका पारशी कुटुंबात. आणि शाळा कुठली, सांगा बरं? आपल्या पाचगणीची सेंट पीटर्स! 'फ्रेडी' हे नाव त्याला तिथेच पडलं आणि १९५८ साली पाच शाळकरी मुलांनी 'द हेक्टिक्स' हा बँड काढला तोही तिथेच.

गंमत म्हणजे हे गाणं फ्रेडीने लिहिलेलं नाही. ते लिहिलं बँडमधल्या जॉन डीकनने. तो बास गिटार वाजवायचा आणि स्वभावाने अबोल होता. म्हणून गाण्यातला 'मी' म्हणजे गाणारा, असं लगेच समजायचं नाही. ती जागा रिकामी असते. ऐकणारा तिथे जाऊन बसतो. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांचं असंच होतं. ओवी कुणी रचली हे ठाऊक नसायचं, पण ती म्हणणारी बाई त्यात आपलंच सुखदुःख सांगायची.

आता अर्थाकडे वळू. सुरुवातीला गाण्यातला 'मी' ठणकावून सांगतो, की खोटेपणा आणि स्वतःवरच खूश असलेलं माणूस आता पुरे. पुढे तो पहिल्यांदाच प्रेमात पडल्याचं सांगतो. बरेच जण इथेच थांबतात आणि म्हणतात, झालं, सुटला! पण त्यापुढे सूर बदलतो. जुन्या माणसाची माया त्याला विसरता येत नाही. दाराबाहेर पडताना मनाची खात्री हवी, असं त्याला वाटतं. शेवटी तर एकटेपणाची सवय होत नाही, हेही तो कबूल करतो. आणि तरी सुटण्याची इच्छा काही तो सोडत नाही!

मला हे गाणं आवडतं ते यासाठीच. त्रास देणारं माणूस चोवीस तास त्रास देत नसतं. कधी ते हसवतं, जीवही लावतं. म्हणून तर सुटणं अवघड जातं. पायात चावणारी चप्पल काढली तरी फोड चार दिवस दुखतोच. म्हणून काय तीच चप्पल पुन्हा घालायची?

मी तिला एवढंच म्हटलं, "आठवण येते, कारण तू मनापासून मैत्री केलीस. निर्णय चुकला असा त्याचा अर्थ नव्हे." ती थोडा वेळ गप्प बसली. मग इअरफोन काढून म्हणाली, "आईला सांगू का?" मी म्हटलं, "आधी तेच कर."

आई-बाबांनो, मुलं असं काही सांगू लागली तर "सोड गं, किरकोळ आहे" म्हणू नका. त्यांना ते किरकोळ नसतं. आणि मित्रांनो, घरी बोलता येत नसेल तर बाईंशी, सरांशी बोला किंवा १०९८ या मुलांच्या मदतक्रमांकावर फोन करा.

आता तुमच्या आवडीचं एखादं गाणं घ्या आणि शेवटचं कडवं नीट ऐका. पहिल्या कडव्यातला 'मी' तिथपर्यंत तसाच राहिलाय का?